पडवीतली मोटार

श्रोतेहो, नागपूरकडच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत अजूनही जुनी अँबेसिडर उभी दिसते. बंगालमधल्या उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, तेव्हा हिचे इंजिन गेले तर तसे नवे मिळायचे नाही.

म्हणून सांगतो, वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पहिल्याच दिवशी बैलजोडी लावून ओढू नका, बरं का! मी ते करून बसलो आहे. पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या होत्या, त्या मोडल्या आणि सारे इंजिन खोलावे लागले.

आधी प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी गियर मोकळा ठेवून हँडलने हळूच फिरवून बघा. फिरले तर निम्मी काळजी मिटली. अडले तर जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा, आणखी एक दिवस थांबा.

चेंबरचे ऑइल बदला, बॅटरी चार्ज करून आणा. पॉइंट बारीक पॉलिशकागदाने साफ करा आणि ठिणगी पडते का, ते टाकीला हात लावण्याआधीच पाहून घ्या.

मग टाकी. जुन्या पेट्रोलची राळ होते नि कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओल ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. वार्निशासारखा वास आला तर सगळे उपसून काढा. गुरुजी, मुलांना दाखवायचे असेल तर मोकळ्या अंगणात, विडीवाल्यांना लांब बसवून!

गाडी सुरू झाली की निळा धूर निघेल. घाबरू नका, ते प्लगच्या भोकातले ऑइल जळते आहे.