मेणबत्तीची वात

आमच्या नेरूळला शेजारच्या काही बायकांनी दिवाळीत विकायला म्हणून घरी मेणबत्त्या केल्या. मेण चांगले, साचे चांगले. पण पेटवल्यावर काही धुरकटल्या, काही विझल्या. पैसे मेणात अडकले ते अडकलेच! दोष वातीचा होता. त्यांनी समईसारखी पिळाची वात घातली होती.

समईची वात आपण हाताने सारतो, काजळी झाडतो. मेणबत्तीत ते कोण करणार? तिला सुती दोऱ्याची घट्ट तिपेडी वेणी हवी. ही युक्ती १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी काढली. वेणी जळता जळता वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते आणि आपोआप जळून जाते.

ही वेणी पातळ मेणात बुडवावी. बुडबुडे थांबले, की काढून ताणून सुकवावी. मग पत्र्याच्या भोकाच्या चकतीत ओवून भोक पकडीने आवळावे, आणि चकती मेणाच्या थेंबाने साच्याच्या तळाशी बरोबर मध्यावर चिकटवावी. वरचे टोक आडव्या काडीला बांधावे. ते मात्र ताठच हवे. निवताना मेण मध्ये खचते, सैल वात कडेला सरकते. मग काचेचा पेला असला तर तो एका अंगाने तापून तडकायचा.

पेटवण्यापूर्वी पाव इंच वात ठेवून बाकीची कापावी.