चौकटीतलं माप



आज आम्ही गटातल्या सगळ्याजणी तुमच्याशी बोलणार आहोत ते कॉम्प्युटरवर काढलेल्या नकाशाविषयी, त्याच्या भोवतीच्या चौकटीविषयी आणि छपाईविषयी. तुम्ही म्हणाल, मसाला कुटणाऱ्या बायांना हे कशाला? ऐका तर.

आमच्या शेडचा नकाशा गटातल्याच एकीच्या लेकीनं काढून दिला. ती आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करते. शेड ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद. प्रमाण १:१००, म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर एक सेंटीमीटर. आम्ही पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला गेलो आणि एका दुकानातून प्रिंट आणली. आकडे फार बारीक उठले होते, वाचता येईनात. म्हणून गवंडीभाऊंनी कागदावर पट्टी लावली आणि जागेवर फक्की मारली. सकाळी चर खोदायचे होते. संध्याकाळी आमच्यातली एकजण त्या आखणीत उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, यात यंत्र बसेल, पण आपण कुठं बसायचं?"

टेप लावला. लांबी सव्वाचार मीटरही भरेना, रुंदी पावणेतीनच्या आसपास! खोदाई झाली असती तर कर्जाचे पैसे मातीत गेले असते.

झालं होतं असं. नकाशा ए-३ कागदासाठी मांडला होता, म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर. छापला गेला ए-४ वर, त्याच्या निम्म्या कागदावर. कॉम्प्युटरनं तो कागदात मावेल एवढा आकसला. चौकटीच्या कोपऱ्यात मात्र १:१०० तसंच राहिलं. कुठला कागद ते आम्हीही दुकानात सांगितलं नव्हतं.

मग त्या लेकीनं आम्हाला शेजारी बसवून सगळं दाखवलं. ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन जागा असतात. 'मॉडेल'मध्ये शेड खऱ्या मापानं काढायची. 'लेआउट' म्हणजे छापायचा कागद. चौकट काढायची ती लेआउटमध्ये.

आधी 'पेज सेटअप'मध्ये प्रिंटर आणि कागद निवडायचा. कागदावर आतल्या बाजूनं तुटक रेघ दिसते. शाई तिच्याबाहेर जात नाही, म्हणून चौकट तिच्या आतच हवी. डावीकडे २० मिलिमीटर जागा सोडायची, फाइलला भोकं पाडता येतात. बाकी तिन्ही बाजूंना १०. म्हणजे ए-३ वर चौकट ३९० बाय २७७ मिलिमीटरची होते. उजव्या खालच्या कोपऱ्यात कामाचं नाव, प्रमाण, तारीख, काढणाऱ्याचं नाव आणि कागदाचा आकार लिहायचा.

मग चौकटीत एक खिडकी उघडायची, तिला 'व्ह्यूपोर्ट' म्हणतात. तिच्यातून मॉडेलमधली शेड दिसते. नकाशा मिलिमीटरमध्ये काढला असेल, तर खिडकीचं प्रमाण १:१०० ठेवायचं आणि ती लॉक करायची, म्हणजे चुकून हलत नाही. छापताना मात्र कागदाचं प्रमाण १:१ हवं आणि 'फिट टू पेपर'ची खूण काढलेली हवी. दुकानात पीडीएफ देणार असाल, तर ठासून सांगा, "ए-३ कागद, आणि 'अ‍ॅक्च्युअल साइज'."

सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी सांगतो. चौकटीच्या आत, खालच्या बाजूला बरोबर १० सेंटीमीटरची एक रेघ काढून घ्या आणि तिच्याखाली '१० सेंमी' असं लिहा. प्रिंट हातात आली की शाळेतल्या पोरांची पट्टी तिच्यावर ठेवा. दहा भरली तर कागद खरा. आमच्या त्या कागदावर अशी रेघ असती, तर सात सेंटीमीटरच्या आसपास भरली असती आणि घोटाळा दुकानातच कळला असता. रेघ बरोबर असली तरी गवंड्याला सांगा, लिहिलेलं माप धरा. आकडा वाचता येत नसेल तर पट्टीनं अंदाज बांधू नका, आम्हाला विचारा.

साडीचा काठ शोभेला असतो. नकाशाच्या चौकटीत आपली जागा आणि आपला पैसा असतो. तांत्रिक आहे म्हणून आम्ही त्या कागदाकडे नीट बघितलंच नव्हतं. आता पट्टी लावल्याशिवाय कुठलाही नकाशा गवंडीभाऊंच्या हातात जात नाही.

फक्की पुसून आम्ही नव्यानं आखणी केली. आज त्या शेडमध्ये यंत्रही आहे आणि आम्ही सगळ्याजणी ऐसपैस बसतो.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाचा नकाशा आज पेटीतून काढा आणि चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. नमस्कार!