ताप उतरल्यावरची सावधानता



दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात आयुष्य घालविलेल्यांना हे निराळे सांगावयास नको : बॉयलरची एक बारीक नळी गळू लागली, तरी अख्खा संच बंद पडतो. देहाचेही तसेच आहे. गंभीर डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो. ही गळती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमकी ताप उतरत असताना सुरू होते. घर तेव्हा निर्धास्त झालेले असते.

पुढील २४ ते ४८ तास कसोटीचे. वरचा रक्तदाब पुष्कळदा ठीकच दिसतो. कारण हातापायांतील वाहिन्या आकसून देह तो सावरून धरतो. हातपाय मात्र गार पडतात.

म्हणूनच अद्ययावत यंत्रे भोवती असतानाही डॉक्टर रुग्णाचे बोट दाबून सोडतात. पांढरे पडलेले नख २ सेकंदांत पुन्हा लालसर व्हावयास हवे. विलंब झाला, तर सूक्ष्म रक्ताभिसरण मंदावले असे समजावे. नख ठीक आहे, म्हणून मात्र गाफील राहू नये. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव, ग्लानी, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे.

उतरलेला ताप म्हणजे टळलेले संकट नव्हे, एवढे प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे.