फकिरा, बिगर आणि हजेरी



आज मी दोनच कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे. त्यांतली एक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली नसेल, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

रिचर्ड राईटची ‘नेटिव्ह सन’ 1940 साली आली. शिकागोतला वीस वर्षांचा काळा पोरगा बिगर थॉमस. आई, भाऊ, बहीण आणि तो एकाच खोलीत राहतात, जोडीला उंदीर. डाल्टन नावाच्या गोऱ्या धनिकाकडे त्याला ड्रायव्हरची नोकरी लागते. डाल्टनसाहेब मोठे दानशूर, काळ्या पोरांच्या क्लबला टेबल टेनिसची टेबलं देतात. आणि बिगरची आई ज्या कंपनीला खोलीचं भाडं भरते, तिच्यावर ताबाही त्यांचाच! असे दानशूर ओळखायला तुम्हा-आम्हाला शिकागोला जावं लागत नाही.

पहिल्याच रात्री दारू प्यालेल्या मालकाच्या मुलीला तो तिच्या खोलीत पोचवतो. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. गोऱ्या मुलीच्या खोलीत आपण सापडलो तर काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आवाज निघू नये म्हणून तो उशी दाबतो आणि मुलगी मरते. कादंबरीच्या या पहिल्या भागाचं नावच ‘भीती’ आहे. पुढं तो आपल्या प्रेयसीचाही जीव घेतो, आणि तिथं मात्र ‘चुकून झालं’ म्हणायची सोय राईट ठेवत नाही. आधीच्या कथांवर वाचक नुसते रडून मोकळे झाले, ही त्याची खंत होती. या वेळी ती सुटका द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

आता आपला ‘फकिरा’. अण्णाभाऊ साठ्यांनी तो 1959 साली बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला. उपाशी माणसं मरताना पाहून फकिरा धान्य लुटतो, आणि सरकार मांग-महारांच्या मागं रोजची हजेरी लावतं. गुन्हा केलेला असो-नसो, जन्मानंच माणूस संशयित. शेवटी घरच्यांना धरलं म्हणून फकिरा स्वतःहून हजर होतो. दर 1 ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, आपण त्याची तलवार मिरवतो. हजेरी मात्र आपल्या लक्षात राहत नाही, कारण तलवारीचा अभिमान वाटतो आणि हजेरीची लाज वाटायला हवी.

ही हजेरी लांबची नाही. ती लावणारा 1871चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण गावात चोरी झाली की फासेपारध्यांच्या बेड्याकडं आधी बोट दाखवायची सवय गेली नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या पोरांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी राहिली. 2019 साली समृद्धी महामार्गासाठी तिच्या काही इमारती पाडल्या, वाचनालयासकट. कादंबरीकारानं हे रचलं असतं, तर आपण त्याला भडक म्हटलं असतं.

महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण केली, म्हणजे त्यांची-आपली ही सोयरीक जुनी आहे. तरी माझी तक्रार आपल्यावर आहे. आपल्याला दलित, भटका पोरगा कादंबरीत एकतर शूर हवा, नाहीतर गरीब बिचारा. चिडका, घाबरलेला, हातून वाईट घडलेला पोरगा आपल्याला पेलत नाही. फकिरावर प्रेम करणं सोपं आहे, बिगरवर नाही. पण माणूस म्हणून हक्क मिळायला आधी चांगलं असावं लागतं, ही अट सवर्णांच्या पोरांना कुणी कधी घातली?

वऱ्हाडी बोलीत कादंबरी पेलते, हे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’नं 1960 सालीच दाखवलं. त्या बोलीत आता असा पोरगा यावा. पदवी घेतलेला, पोलीस भरतीत उंचीत बसलेला, आणि आडनाव विचारलं की घसा कोरडा पडणारा. तो कुणाला आवडलाच पाहिजे, असं नाही.

दुपारी तरुण मंडळी कथा वाचणार आहेत. जेवणानंतर मंडप ओस पडतो, हा आपला जुना रिवाज, म्हणून आयोजकांना विनंती आहे की त्यांना आत्ताच बोलवा. माझा उरलेला वेळ त्यांचा.

जय भीम, जय महाराष्ट्र.