बेचाळीसचा वटहुकूम आणि आपण

(सांगली येथील भाषणाचा संक्षेप)



९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात झाला. सांगली हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. वाळवे, तासगाव हे तालुके साताऱ्यातच मोडत. त्या गोळ्या पोलिसांच्या होत्या. लष्करासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी १५ ऑगस्टलाच वेगळी तजवीज करून ठेवली होती. तिचे नाव सशस्त्र सेना विशेषाधिकार वटहुकूम.

नागा टेकड्यांतील बंडाळीचे कारण देऊन स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५८ साली आसाम व मणिपूरसाठी जो कायदा केला, त्याचेही नाव हेच. त्या वेळचे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत बेचाळीस साली अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते! परक्या सत्तेने प्राणघातक बळाचा हुकूम निदान कॅप्टनच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, तोही लेखी, द्यावा असे बंधन ठेवले होते. आपण तो अधिकार हवालदार-नाईकांपर्यंत खाली आणला आणि लेखी हुकुमाची अटही काढली. मणिपूरचे समाजवादी सदस्य लैश्राम अचौ सिंग यांनी लोकसभेत कडाडून विरोध केला. तो वाया गेला.

बंडखोर शस्त्रे चालवितात, जवान मरतात, हे मी नाकारीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हा कायदा वैध ठरविला, हेही खरे. परंतु ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंग येथे कोळसा खाणीतून घरी परतणारे सहा मजूर कमांडोंच्या गोळीबारात ठार झाले. राज्याच्या पोलिसांनी तीस जणांवर आरोपपत्र ठेवले. २०२३ साली केंद्राने खटल्यास संमती नाकारली आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कारवाई थांबविली. मी अर्थशास्त्राचा माणूस. ज्याची किंमत मोजावी लागत नाही ती वस्तू उधळली जाते, एवढे मला कळते.

हा प्रश्न दूरचा नव्हे. आपल्या गावोगावची मुले फौजेत आहेत; अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. राजकारणाला न सुटलेला प्रश्न त्यांच्या बंदुकीवर सोपविणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे. न्या. जीवन रेड्डी समितीने २००५ सालीच हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. नऊ सप्टेंबरला हुतात्म्यांना फुले वाहण्यास येणाऱ्या आपल्या खासदारांना, त्या शिफारशीचे काय झाले, हे तेथेच विचारा.