परदेशी बिऱ्हाड आणि सुरक्षितता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हल्ली हळदीकुंकवाला जमलो की निम्म्या गप्पा परदेशी गेलेल्या लेकीसुनांच्या असतात. त्यांत एक प्रश्न हमखास येतो, "तो देश सुरक्षित आहे का हो?" प्रश्न मायेचा आहे, पण त्याने काही कळावयाचे नाही असे मला वाटते. देश केवढा! आपली मुलगी राहणार एका गल्लीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. चौकशी त्या गल्लीची हवी.

इस्राएलचेच पाहा. माझी भाची तेथे बीरशेबा शहरी संशोधनासाठी होती. सबंध देश आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून लहान. तरी गाझाकडून रॉकेट सुटले की भोंगा वाजल्यापासून आसरा गाठावयास स्देरोत गावी १५ सेकंद, अश्दोदला ४५, बीरशेबाला ६०, तर तेल अवीवला ९० सेकंद असा तेथला हिशेब. पंधरा सेकंदांत आपल्याच्याने दुधाचे पातेलेदेखील उतरवून होत नाही! (पलीकडे गाझातील आयांना तर ना भोंगा, ना आसरा. तेही विसरता येत नाही.)

मग घर. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे तेल अवीवच्या भागात पडली. त्यानंतर तेथे नियम झाला की, नव्या घरांत जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची एक खोली असावयासच हवी. तिला 'ममाद' म्हणतात. जुन्या इमारतींतून ती नसते. तळघरात नाहीतर रस्त्यावरच्या सार्वजनिक आसऱ्यात धावावे लागते. म्हणून भाचीने इमारत कोणत्या साली बांधली हे आधी विचारले, उजेड-वारा मागाहून. भाडे जास्त पडले. कुरकुर करणाऱ्यांत तिचे वडील आघाडीवर होते!

हे तिला शिकविले कोणी? दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथे आपल्या कोकणातून गेलेली बेने इस्राएल मंडळी आहेत. त्यांच्यातील वडीलधाऱ्या बायका अजून मराठी बोलतात. अशाच एका आजींनी तिला बरोबर नेऊन जिना, आसरा, दाराची कडी दाखविली. "कडी गंजली नाही ना, ते बघ गो," म्हणाल्या. वर्तमानपत्रातून हे कळत नाही.

आपल्या वकिलातीत नाव नोंदवून ठेवणे मात्र कोणत्याही देशी चुकवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा 'ऑपरेशन अजय'च्या विमानांसाठी नोंद झालेल्यांनाच प्रथम कळविण्यात आले. भाची तेव्हा आली आणि चार महिन्यांनी पुन्हा गेली. घरात दोन रात्री कोणी नीट जेवले नाही. पण ती म्हणाली, "मावशी, आले तेव्हाही कारणे लिहून काढली होती, जातानाही काढली आहेत."

आणि हा हिशेब कायमचा नसतो. बीरशेबाची ती ६० सेकंदे गाझाच्या रॉकेटांची. १९ जून २०२५ रोजी तेथल्या मोठ्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळले ते इराणहून आलेले. भाची तोवर परतली होती. तिच्या जागी गेलेल्या नाशिकच्या मुलीला तिने त्याच आठवड्यात फोन करून विचारले, प्रयोगशाळेच्या दारापासून आसरा किती पावलांवर आहे ते मोजलेस का? तिने मोजली होती. चाळीस.