खांब, निळी पेटी आणि आकाश



विमानाच्या किंवा मोटारीच्या वर्तनाचे गणिती नियम संगणकात मांडून, त्यांच्या आधारे चालकाच्या डोळ्यांपुढे दृश्य, हातांत दांडी वा चक्र आणि शक्य असेल तेथे आसनाखाली हालचाल निर्माण करणाऱ्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. अशा यंत्रावरचे शिक्षण आणि आकाशातले किंवा रस्त्यावरचे शिक्षण यांची तुलना करण्यास नाशिकइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. ओझर येथे १९६४ पासून उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंतची लढाऊ विमाने घडली आणि त्यांच्या पहिल्या उड्डाणांची जोखीम चाचणी वैमानिकांनी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांवरील आकाशात पत्करली. नाशिक रोडजवळच्या गांधीनगर विमानतळावर २००३ पासून सैन्यदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे विद्यालय आहे. आणि वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने भरवलेल्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'ने जिल्ह्यातील कच्चे रस्ते मोटार-शर्यतीच्या जगाला परिचित केले. या परिषदेतील अध्यक्षीय भाषणाचे प्रतिपादन असे की, सिम्युलेटर ही वास्तवाची निवडक नक्कल असते, ती निवड माणूस करतो, आणि म्हणून नकलेत काय आले यापेक्षा काय गळले याची काटेकोर नोंद ठेवणे हे या व्यवसायातील प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

नकलेवर सराव करून खऱ्या प्रसंगाला सामोरे जाण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. मल्लखांबाची विद्या पेशवाईच्या उत्तरकाळात नव्याने उभी करणारे बाळंभट्टदादा देवधर यांची कथा याच जिल्ह्यातील सप्तशृंगी गडाशी जोडली जाते, आणि झाडांवरून लीलया खेळणाऱ्या वानरांना पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी परंपरा सांगितली जाते. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या विद्येच्या नावातच तिचा हेतू स्पष्ट आहे: मल्लाच्या जागी खांब. लाकडाच्या खांबाला विळखा घालताना मांड्यांची पकड, कण्याचा लवचीकपणा आणि श्वासावरचा ताबा कमावता येतो, हातपाय मोडण्याची भीती न बाळगता तीच उडी शंभर वेळा घेता येते, आणि हे सर्व कुस्तीच्या उपयोगी पडते. परंतु खांब उलटा डाव टाकत नाही, त्याला घाम येत नाही आणि तो हुलकावणी देत नाही. म्हणून तालमीत खांबानंतर आखाड्याची माती आलीच. वस्तादांनी खांबाला कमी लेखले नाही आणि खांबालाच प्रतिस्पर्धीही मानले नाही. आधुनिक सिम्युलेटरचा विचार करताना हीच वृत्ती उपयोगी पडते.

विमानविद्येतील पहिला यशस्वी 'खांब' वाद्यांच्या कारखान्यात जन्मला, ही गोष्ट पेटीवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला विशेष भावेल. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता, आणि पायपेटीत ज्याप्रमाणे भात्यातील हवा सूर उमटवते, त्याचप्रमाणे हवेच्या भात्यांनी एक लाकडी विमान डोलवता, कलवता आणि फिरवता येईल, हे लिंक यांनी १९२९ पर्यंत सिद्ध केले. आरंभी हे यंत्र जत्रेतील करमणूक म्हणूनच अधिक पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम सोपवले गेले, धुक्यात आणि रात्री केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेले डझनभर वैमानिक काही आठवड्यांत मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. रंगावरून 'निळी पेटी' या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्रात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी सराव केला. या पेटीला खिडकीतून दिसणारे जग नव्हते. झाकण लावले की आत काळोख आणि समोर उपकरणांच्या तबकड्या एवढेच उरे. तिचे यश त्या मर्यादेतच होते, कारण शिकवायचे होते ते एकच: शरीर काय सांगते याकडे दुर्लक्ष करून तबकडीवर विश्वास ठेवणे.

शरीर काय सांगते, हा या विषयाचा गाभा आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. माणसाच्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी दोन प्रकारची इंद्रिये असतात. अर्धवर्तुळाकृती नलिकांमधील द्रव डोक्याच्या फिरण्याची बातमी मेंदूला देतो, तर दुसऱ्या इंद्रियातील चुन्याचे सूक्ष्म कण गुरुत्वाकर्षणाची आणि वेगातील बदलाची, म्हणजे त्वरणाची, बातमी देतात. या दुसऱ्या इंद्रियाची अडचण अशी की, वेग वाढल्याने मागे ढकलले जाणे आणि आसन मागे कलल्याने मागे झुकणे, यांतील फरक त्याला एकट्याने ओळखता येत नाही. तो फरक डोळे सांगतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रशिक्षणात वापरले जाणारे सिम्युलेटर सहा पायांवर उभे असते, आणि हे पाय लांब-आखूड होऊन कक्षाला वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवतात आणि तिन्ही अक्षांभोवती फिरवतात. पायांची लांबी मर्यादित असल्याने कक्ष पुढे धावत राहू शकत नाही. म्हणून उड्डाणाच्या क्षणी तो किंचित पुढे सरकतो, लगेच नलिकांना पत्ता लागणार नाही इतक्या सावकाश मागे कलतो, आणि पडद्यावरची धावपट्टी मात्र सरळ मागे पळत राहते. सुमारे पंधरा अंशांचा कल दिला की गुरुत्वाकर्षणाच्या चतुर्थांशाएवढ्या त्वरणाची जाणीव पाठीला होते आणि वैमानिकाला खात्री पटते की विमान धावत आहे.

हीच फसवणूक आकाशात उलट्या दिशेने घडते. काळोख्या रात्री, खाली दिवे नसलेल्या प्रदेशावरून विमान झेपावते, वेग झपाट्याने वाढतो, बाहेर पाहण्यासारखे काही नसते आणि अंतर्कर्ण सांगतो की विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले आहे. अशा वेळी तबकडीवर विश्वास न ठेवणारा हात दांडी पुढे ढकलतो आणि चढणारे विमान जमिनीकडे वळते. ज्या भ्रमावर सिम्युलेटरचा खरेपणा उभा आहे, तोच भ्रम खऱ्या उड्डाणात प्राण घेतो, हे सत्य प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पहिल्याच आठवड्यात, यंत्राचे पाय उघडे करून दाखवून समजावले पाहिजे. यंत्राने आपल्याला कसे फसवले हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला आकाश कसे फसवील हे वेगळे शिकवावे लागत नाही.

लढाऊ विमानांत नकलेची मर्यादा आणखी लवकर येते. तीव्र वळणात वैमानिकाच्या शरीराचे वजन अनेक पटींनी वाढते, रक्त पायांकडे उतरते, दृष्टी कडेकडून काळी पडू लागते, आणि हे ओझे कित्येक सेकंद टिकून राहते. सहा पायांचे यंत्र ते निर्माण करू शकत नाही. त्यासाठी लांब भुजेच्या टोकाला माणसाला गरगर फिरवणारे अपकेंद्री यंत्र लागते, जसे बंगळुरूच्या हवाई वैद्यकशास्त्र संस्थेत आहे. म्हणूनच लढाऊ विमानांची पुष्कळ सिम्युलेटरे मुळीच हलत नाहीत: हलण्याचा अर्धवट आभास देण्यापेक्षा तो न देणे बरे, हा विचार त्यामागे आहे आणि तो प्रामाणिक आहे. हेलिकॉप्टरची अडचण वेगळी. जमिनीपासून हातभर उंचीवर एकाच जागी तरंगत राहताना वैमानिक डोळ्याच्या कोपऱ्यातून गवताची पाती, खडी आणि सावली यांचे सरकणे टिपतो, आणि पडद्यावरचे गवत कितीही सुबक काढले तरी ती सूक्ष्म खोली त्यात पूर्णपणे येत नाही. सियाचीनच्या विरळ हवेत चीता हेलिकॉप्टर उतरवणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक किती मोलाचा ठरतो, हे गांधीनगरच्या विद्यालयातील शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

तथापि नकलेवाचून काही गोष्टी जन्मालाच आल्या नसत्या, हेही तितकेच खरे आहे. तेजस विमानाची रचना हेतुपुरस्सर अस्थिर ठेवलेली आहे, म्हणजे संगणकाने क्षणोक्षणी सावरले नाही तर ते सरळ उडूच शकत नाही. त्यामुळे त्याचे नियंत्रण-नियम विमान तयार होण्यापूर्वी जमिनीवरील सिम्युलेटरवर घोटून घ्यावे लागले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत, दुसऱ्या विमानाचे वर्तन धारण करू शकणाऱ्या रूपांतरित एफ-१६ वर पारखले गेले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, अमेरिकेचे हे सहकार्य तुटले, आणि उरलेला प्रवास भारतीय अभियंत्यांनी आपल्या यंत्रांच्या भरवशावर पार पाडला. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस प्रथम उडवले, तेव्हा ते विमान नकलेत असंख्य वेळा उडून झालेले होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१एने ओझरहून झेप घेतली, त्यामागे ही सर्व तपश्चर्या होती.

त्याच्या तीन आठवडे आधी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंडीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. ओझरने ज्या विमानावर आपली विद्या कमावली, त्याने तरुण वैमानिकांकडून घेतलेली किंमत नाशिककरांनी विसरता कामा नये. संथ प्रशिक्षण विमानावरून थेट अतिवेगवान मिगवर जाण्यात जी पायरी गाळली जात होती, ती भरून काढणारे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस १९८२ मध्ये झाली आणि तशी हॉक विमाने प्रत्यक्ष सेवेत आली २००८ मध्ये. मधल्या काळात, १७ सप्टेंबर २००१ रोजी, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी वैमानिकाच्या माथी दोष मारण्याविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि त्यांनी व हवाई दलातून निवृत्त झालेले त्यांचे पती अनिल गाडगीळ यांनी अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन स्थापन करून पुण्यात सिम्युलेटरवरील प्रशिक्षणाचे काम उभे केले. गाळलेल्या पायरीचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी इतर मुलांसाठी पायरी बांधावी, यासमोर सिम्युलेटर म्हणजे खेळणे ही समजूत टिकत नाही.

नकलेने चुकीचा धडा दिला तर काय होते, याचे उदाहरण १२ नोव्हेंबर २००१ चे आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान न्यूयॉर्कहून निघताच पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले, सहवैमानिकाने शेपटीवरील सुकाणू जोरजोराने दोन्ही बाजूंना फिरवले, उभी शेपटी तुटली आणि जमिनीवरील पाच जणांसह २६५ माणसे मरण पावली. चौकशीत आढळले की कंपनीच्या सिम्युलेटर-पाठात विमान मोठ्या प्रमाणात कलंडावे म्हणून नियंत्रणांचा प्रतिसाद क्षणभर मुद्दाम रोखला जात असे. त्यामुळे भोवरा वास्तवाहून भयंकर आणि सुकाणूचा उपयोग वास्तवाहून निरुपद्रवी वाटत गेला. सुकाणूच्या पायपट्टीची अतिसंवेदनशीलता हेही कारण होतेच, परंतु यंत्राने शिकवलेली सवय कारणांत गणली गेली. दुसरे उदाहरण हडसन नदीवर १५ जानेवारी २००९ रोजी उतरवलेल्या विमानाचे. पक्षी आदळून इंजिने बंद पडताच मागे वळले असते तर विमानतळ गाठता आला असता का, हे सिम्युलेटरवर पाहिले तेव्हा काही प्रयत्न यशस्वी झाले; मात्र काय घडले हे उमगण्यासाठी आणि निर्णयासाठी ३५ सेकंद हिशेबात धरले, तेव्हा विमान कोसळले. सिम्युलेटरमधील वैमानिकाला इंजिने बंद पडणार हे ठाऊक होते. आश्चर्यातून सावरायला लागणारा वेळ हा नकलेतून सर्वांत आधी गळणारा घटक आहे.

शर्यतीच्या क्षेत्रात तुलना अधिक गुंतागुंतीची होते, कारण तेथे नकलेतून थेट खऱ्या गाडीत गेलेली माणसे आहेत. सोनी आणि निसान यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या जीटी अकादमीतून लुकास ओर्दोनेझ आणि पुढे जान मार्डनबरो हे व्हिडिओ-खेळाच्या पडद्यावरून व्यावसायिक शर्यतीत आले. बंदिस्त शर्यतमार्ग लेझरने मोजून मिलिमीटरच्या बारकाव्याने संगणकात उतरवता येतो, प्रत्येक वळण पाठ करता येते, आणि २००९ पासून फॉर्म्युला वनमधील प्रत्यक्ष सरावावर कडक बंधने आल्यावर संघांनी याच यंत्रांचा आधार घेतला. परंतु रॅलीत मार्ग बंदिस्त नसतो. नाशिकच्या कच्च्या वाटेवर पहिल्या दहा गाड्या मातीचा वरचा थर उडवतात आणि अकराव्या गाडीला वेगळाच रस्ता मिळतो. वळणामागे बैलगाडीच्या चाकोरीने पडलेली खोबण असते. सहचालक शेजारी बसून आधी टिपलेल्या खुणा वाचत राहतो आणि चालक त्या शब्दांवर विश्वास टाकून न दिसणाऱ्या उतारावर गाडी सोडतो. मागची चाके घसरू लागल्याची पहिली बातमी डोळ्यांना मिळत नाही, ती कमरेला आणि बुडाला मिळते. पडद्यासमोरच्या खुर्चीत ती बातमी येत नसल्याने तेथील कुशल चालक चक्रातून येणाऱ्या थरथरीवर आणि दृश्यावर विसंबायला शिकतो, आणि खऱ्या गाडीत बसल्यावर त्याला ऐकण्याचे स्थानच बदलावे लागते.

म्हणून या परिषदेने घ्यावयाच्या कामांत फरकाच्या नोंदवहीला अग्रस्थान मिळावे, अशी अध्यक्षपदावरून आग्रहाची विनंती आहे. उड्डाणविद्यालये, हेलिकॉप्टर प्रशिक्षक, चाचणी वैमानिक आणि रॅलीचे चालक-सहचालक यांनी प्रशिक्षणार्थीला नकलेनंतरच्या पहिल्या खऱ्या अनुभवाच्या दिवशीच, थकवा उतरण्यापूर्वी, आपल्या मातृभाषेत लिहावयास बसवावे: कोणती गोष्ट यंत्रात होती तशीच निघाली, कोणती जड वा हलकी वाटली, कोठे घाई झाली, कशाचा वास आला, कशाची भीती वाटली. परक्या भाषेत माणूस तांत्रिक संज्ञा लिहितो. पोटात गोळा येणे, अंग हलके होणे, हात थबकणे या गोष्टी त्याला आपल्याच भाषेत नेमक्या सांगता येतात, आणि सिम्युलेटर घडवणाऱ्या अभियंत्याला नेमकी हीच माहिती हवी असते. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या सकाळी शिक्षक विमानातून उतरतो, दार लावतो आणि बाजूला होतो. त्याच्या वजनाइतके हलके झालेले छोटे विमान धावपट्टी नेहमीपेक्षा लवकर सोडते, अपेक्षेपेक्षा वेगाने चढते, आणि शेजारची जागा रिकामी असते. त्या दहा-बारा मिनिटांचे टिपण नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावे.